१ लाख ८० हजार किलोमीटर झालेल्या गाडीत कोणतं तेल घालायचं? माझा अनुभव

आमच्या पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा बेळगावच्या आरटीओत नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. मीटरवर १ लाख ८० हजार किलोमीटर होते. या पाच वर्षांत इंजिन खोलायची वेळ येऊ द्यायची नाही, हे मनाशी ठरवलं होतं. अडचण तेलाची होती. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आसपास तेल कमी व्हायचं आणि ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा. शहापुरातला स्पेअर पार्टवाला म्हणाला, "जुनं इंजिन हाय, आता २०डब्ल्यू-५० घाला. धूर बंद, आवाज बंद." २०डब्ल्यू-५० म्हणजे जाड तेलाचा ग्रेड. शेजारी, पाहुणे, कारखान्यातली मंडळी, सगळ्यांचं मत तेच.

मी उद्यमबागेत शाफ्ट ग्राइंडिंगचं काम करतो. शाफ्ट आणि बुश यांच्यात किती मायक्रॉनची फट आहे यावर दिवसभर आमची भांडणं चालतात. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्येही साधारण २० ते ५० मायक्रॉनची फट असते आणि तेवढ्या जागेत तेलाचा पडदा धातूला धातूपासून दूर ठेवतो. ती फट किती वाढलीय हे न बघता नुसतं मीटर बघून तेल जाड करायचं, हे मला पटेना.

खानापूर रोडवरच्या मिस्त्रीमामांकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "धूर कवा मारतोय ते सांगा की आधी." हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टन रिंगवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर जातो. सकाळी पहिल्यांदा चालू करताना भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसणाऱ्या रबरी टोपीवर. आमची गाडी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीकडे जाते तेव्हा खाली पोचल्यावर पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा ढग दिसायचा. घाट उतरताना आपण गिअरवर गाडी आवरतो, थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये जोराची पोकळी तयार होते. सील कडक झालेले असले की वरचं तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं, साठतं, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर एकदम जळतं. मी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "मग रिंगा कशाला बदनाम करताय?"

तरी मोजून बघितलं. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात साठणारा वायू हा व्हॉल्व्ह बाहेर काढून देतो. तो मळीने चिकटला होता. ही स्वस्तातली वस्तू बंद पडली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल मिळेल तिथून बाहेर पडतं. तो बदलला. मग प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते मोजलं. काटा १६५ ते १७५ पीएसआयमध्ये होता, चौघांत फरक फारसा नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत घेतलं, वाढ किरकोळ. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेल सोडल्यावर काटा चांगलाच वर गेला असता. एक गोष्ट मात्र मामांनी बजावली: या चाचणीत वरच्या कॉम्प्रेशन रिंगा कळतात, खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटली असेल तर ती कळत नाही. म्हणून सील बदलल्यावर तेल किती खातेय ते पुन्हा मोजायचं असं ठरलं.

सील बदलताना मी रजा काढून शेजारी उभा होतो. हेड खाली उतरवावं लागलं नाही. पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. मग व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून तिला धरून ठेवणारे बारीक लॉक चुंबकाने उचलायचे, नाहीतर ते इंजिनात हरवतात. जुना सील हातात घेतला, नख दाबलं तर उमटेना. रबर प्लास्टिकसारखं झालेलं, ओठाला तडे. नवा सील दांड्यावर चढवताना बोटांना पकड जाणवते, जुना नुसता फिरत होता. जाड तेल या तड्यातून जरा कमी गळलं असतं इतकंच, सील काही मऊ झाला नसता.

आता तेल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता आहे. त्यात पहिली पसंती ५डब्ल्यू-३०, आणि आपल्या हवामानाला चालणाऱ्या ग्रेडमध्ये ५डब्ल्यू-४० सुद्धा आहे. २०डब्ल्यू-५० तक्त्यातच नाही. तेलाचे हे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या मोजमापात शेवटचा आकडा १०० अंशांवरची चिकटाई सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (चिकटाईचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. दुकानदार म्हणतात, "आपल्याकडं काय बर्फ पडतोय?" खरं आहे, २०डब्ल्यू तेलसुद्धा उणे २० अंशांपर्यंत पंपातून पुढे सरकतं. पण बेळगावात जानेवारीत पहाटे १२-१३ अंश असतात. ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक भरतं, २०डब्ल्यू-५० तिथे १५०च्या वर. १३ अंशांवर ही तफावत आणखी वाढते. इंजिनाची बरीच झीज चालू केल्यानंतर तेल कॅमपर्यंत पोचेस्तोवर होते, तिथे जाड तेल उशीर करतं. म्हणून डब्ल्यूच्या बाजूचा ५ मी हलवायचा नाही असं ठरवलं.

प्रश्न राहिला ३० की ४०. त्यासाठी ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे साधा गेज लावला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यासाठी उपयोगाचा नाही, दाब पार खाली गेल्याशिवाय तो लागतच नाही. गाडी आधी काकतीपर्यंत हायवेवर नेऊन पूर्ण गरम केली, कारण थंड इंजिनावर कुठलंही तेल छान दाब दाखवतं. आयडलिंगला दाब मॅन्युअलच्या मर्यादेत पण खालच्या टोकाला, ३००० आरपीएमला ठीक. म्हणजे बेअरिंगची फट थोडी वाढलीय, बिघडलेलं काही नाही. इथे एक पायरी वर जाणं मला योग्य वाटलं: ५डब्ल्यू-४०, सिंथेटिक, एसीईए ए३/बी४ (युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला तेलाचा वर्ग). या वर्गात १५० अंशांवर जोराच्या घर्षणातली चिकटाई किमान ३.५ (हे एकक वेगळं, मिलिपास्कल-सेकंद) असावी लागते, आणि नोआक चाचणीत २५० अंशांवर तासाभरात १३ टक्क्यांहून जास्त तेल उडून जाता कामा नये. तेल खाणाऱ्या गाडीला हा दुसरा आकडा बघितलाच पाहिजे, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

गेजवर मोठा आकडा दिसला की बरं वाटतं, पण दाब म्हणजे अडथळा. फार जाड तेलाने काटा वर जातो, पुढे पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढं तेल बेअरिंगपर्यंत न जाता परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात पडतं. बेअरिंगला थंड ठेवणारा प्रवाह कमी होतो तो वेगळाच.

डबा पेट्रोल पंपावरून बिलासहित घेतला, झाकणाचं सील आणि बॅच नंबर बघून. नकली तेलाचा धंदा बाजारात आहे, आणि डब्यावरचा ग्रेड आत नसेल तर वरचं सगळं मोजमाप वाया. इंजिन फ्लश मामांनी घालू दिला नाही. जुन्या इंजिनातली मळी एकदम सुटली तर पंपाच्या जाळीत जाऊन बसते, त्यापेक्षा पहिला फिल्टर लवकर बदलायचा. तो मी तीन हजारांवर बदलला, तेल काळंकुट्ट निघालं.

आता हजार किलोमीटरला जेमतेम शंभर मिली लागतं. चोर्ला उतरल्यावर धूर नाही, मागच्या सीटवरून मुलगी खास बघत असते. गरम आयडलिंगचा दाबही थोडा वर आलाय. पावसाळ्यात मात्र तेल बदलायचं अंतर मी कमी केलंय. टिळकवाडीतल्या टिळकवाडीत फिरून इंजिन नीट तापत नाही, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, मग ४०चं तेल काही दिवसांनी ३०सारखं वागतं. डिपस्टिक मी रविवारी सकाळी, सपाट जागेवर, इंजिन चालू करायच्या आधी बघतो आणि वहीत लिहितो. गेज मामांनी माझ्याकडेच ठेवायला दिलाय. दिवाळीनंतर परत लावून बघणार आहे, तेव्हा दाब आणखी उतरलेला दिसला तर चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल बदलून घेणार.