बॅटरी संपली त्या दिवशी

कोक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्याच्या आतल्या कानात ऑपरेशननं बसवलेलं, आवाज विजेच्या संकेतांतून मज्जातंतूपर्यंत पोचवणारं यंत्र. ते पहिल्यांदा सुरू करतात, त्या स्विच-ऑनचे व्हिडिओ फोनवर फार फिरतात. मूल पहिल्यांदा ऐकतं, आई रडते, बघणारेही रडतात. मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, पण असा दिवस माझ्या वाट्याला क्वचितच येतो. बरीच मुलं भोकाड पसरतात, नाहीतर ढिम्म बसून राहतात.

बार्शीहून एसटीनं येणारं ते तीन वर्षांचं पोरगं ढिम्म बसणाऱ्यांतलं. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी डोक्यावर कॉइल, म्हणजे आतल्या यंत्राला संकेत पोचवणारी चकती चिकटवली, आवाज टिपणारा प्रोसेसर सुरू केला. टाळ्या झाल्या, डमरू झाला. ते आपलं पंख्याकडे बघत बसलेलं. आजोबा म्हणाले, "एवढं करून मशीन बिघडकंच निघालं."

मशीन चालत होतं. धडधाकट कानात आवाज मज्जातंतूपर्यंत पोचवणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात. त्यांचं काम इथे बाविसेक इलेक्ट्रोडनी करायचं. त्यातून जे पोचतं त्याचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं, आणि त्या शिकण्याला मुदत असते. संशोधक अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मेंदूच्या लहरी मोजल्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा प्रतिसाद बहुधा वयाला साजेसा होता, सातनंतरच्यांचा बहुतेकदा रेंगाळलेला. आवाज पोचलाच नाही, तर ऐकण्याच्या जागेत बघण्याचं काम शिरू लागतं. सात-आठ वर्षांचं मूल घेऊन आईबाप येतात, तेव्हा हे सांगताना मी अजून अडखळते.

या आईला मी विचारलं, घरी त्याच्याशी काय काय बोलता?

"त्याला ऐकूच येत न्हवतं मॅडम, मग बोलायचं कुणासंगं? सवयच मोडली."

मग तिलाही शिकवलं. भाकरी थापताना बोला. कुकरची शिट्टी झाली की कानाला हात लावून दाखवा. ती नेटानं करत गेली. पोरगं मात्र दिवसातून दहादा कॉइल उपटून भिरकावायचं.

पाचव्या महिन्यातली एक सकाळ. ऐकणं तपासायचे, डॅनियल लिंग यांनी ठरवलेले सहा आवाज चालले होते: आ, ई, ऊ, म, श, स. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर भरतकामाची रिंग, तिला कापड ताणलेलं. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. आ, मणी. ऊ, मणी. म म्हटलं, मणी हातातच. पुन्हा आ म्हटलं, तरी हातातच. मी वहीत 'कंटाळला' असं लिहून मोकळी झाले. आई दटावायला लागली.

पोरग्यानं मणी खाली ठेवला. कॉइल काढली. आता भिरकावणार म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली, कानाला बोट लावलं आणि जोरजोरात मान हलवली.

बॅटरी संपली होती.

तीन वर्षं ज्याला शांतता कधी खटकली नव्हती, ते आज तिची तक्रार घेऊन आलं होतं. नवी बॅटरी घातली. माझा 'आ' पुरा व्हायच्या आत मणी डब्यात वाजला. आई म्हणाली, "मॅडम, जादा ब्याटऱ्या देऊन ठेवा, वाटेत संपल्या तर हा मला एसटीत बसू द्यायचा न्हाई."

वहीतला 'कंटाळला' मी खोडला.