आमचा डांब

पुण्याच्या मावसबहिणीसमोर मी एकदा ‘लाइटचा डांब’ म्हणालो आणि ती हसतच सुटली. तिच्याकडे खांब असतो. वर्तमानपत्रातही खांबच असतो, वादळात पडतो तोसुद्धा खांब. कोल्हापुरात मात्र ज्याला म्हैस बांधतात, ज्याच्यावर उमेदवाराचा फोटो चिकटवतात आणि ज्याला धडकून मोपेडचं मडगार्ड वाकतं, तो डांब. खांब देवळात.

असा एक डांब आमच्या अंगणातच आहे. आजोबांनी फुलेवाडीच्या बाजूला जागा घेतली तेव्हा भोवती ऊस होता. घर बांधलं ते जागेच्या पार मागच्या टोकाला, कारण विहीर तिथं होती. मीटर मात्र रस्त्याकडच्या कुंपणभिंतीत. मधल्या 100 फुटांत वायर लोंबू नये म्हणून अंगणाच्या मधोमध लोखंडी डांब उभा केला. जाड, मध्यम, बारीक अशा तीन नळ्या एकात एक बसवलेला. खाली मांडीएवढा, वर मनगटाएवढा.

हा डांब बोर्डाचा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. (बोर्ड जाऊन महावितरण येऊन आता बराच काळ झाला, ते झालं 2005 साली, पण आमच्याकडे लाइट अजून बोर्डाचीच जाते.) डांबाचा रंग उडाला तेव्हा आण्णांनी सुवाच्य अक्षरात अर्जही केला होता, ‘आपल्या खांबास रंग द्यावा.’ उत्तर आलं नाही. आपल्या म्हणजे तुमच्या की आपल्या दोघांच्या, असा प्रश्न अर्ज वाचणाऱ्याला पडला असेल तर त्यात त्याची चूक नाही.

यंदा वळवाच्या पावसानंतर डांब घराकडे कलला. आमची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्यात उभं असलेलं सगळंच थोडंथोडं हलवते. आईनं आधी पाहिलं. कपड्यांची दोरी सैल का पडली म्हणून ती बघायला गेली, तर दोरी तेवढीच होती, डांब जवळ आला होता.

बोर्डाचा वायरमन आला. मीटरची पेटी उघडून पाहिली, वायरीवरून नजर डांबापर्यंत नेली आणि परत आणली.

“आण्णा, ह्यो डांब तुमचा हाय.”

“आमचा कसा?”

“मीटरपतोर आमचं. फुडचं समदं तुमचं.”

“मग इतकी वर्षं रंग कुणी द्यायचा होता?”

“तुमीच की!”

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. आपल्याच वस्तूबद्दल आपण दुसऱ्याकडे अर्ज केला, हे पचायला अवघडच. मी मात्र मनातल्या मनात खूश होतो. या वयात कुणाला अचानक 24 फुटी मालमत्ता मिळते?

वायरमननं जाता जाता पक्कडीनं डांबावर दोन टोले दिले. छातीच्या उंचीवर टणकन आवाज आला. मग वाकून जमिनीलगत मारलं, तर बद्द. “आवाज बघा की,” तो म्हणाला, “संपलाय ह्यो. पावसाळ्याच्या आत काढा. आनि ती दोरी आदी सोडा.”

लोखंडी डांब सडतो तो नेमका जिथं मातीत शिरतो तिथं. खोल जमिनीत ओल असते पण हवा जेमतेम पोचते. वर हवा असते पण पाऊस वाळून जातो. त्या वीतभर कमरेशी मात्र दोन्ही कायम हजर. आमच्या डांबाला आतूनही गंज लागला होता, कारण त्याची टोपी कधीच उडून गेली होती आणि प्रत्येक पावसाळा वरून सरळ आत ओतला जात होता. टोपी नाही हे मला माहीत होतं. त्या भोकात साळुंक्या घरटं करायच्या, आणि पिल्लांची चिवचिव डांबाला कान लावला की खालपर्यंत ऐकू यायची. लहानपणी माझा तो रेडिओ होता. त्या रेडिओनंच डांब खाल्ला, हे आता कळतंय.

कान लावायचो हे आज्जीला कळलं असतं तर तिनं पाठ सोलली असती. दारात म्हैस होती तेव्हा आजोबा तिला उन्हाळाभर डांबालाच बांधायचे. पण मृगाचा पहिला थेंब पडला की आज्जी दावं सोडून लांबच्या खुंटीला नेऊन बांधायची. वायरीचं आवरण कुठं सोललं आणि करंट डांबात उतरला, तर ओल्या जमिनीवर चार पायांनी उभं असलेलं जनावर माणसाआधी जातं. हे तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. अर्थिंगच्या खड्ड्यात ती उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घालायची, तुळशीला घातल्यावर उरलेलं. आत मीठ आणि कोळसा असतो, ते कोरडं पडलं की अर्थिंग नावालाच उरतं. आम्हाला वाटायचं, आज्जी डांबाचीही पूजा करते.

मग घरात खल सुरू झाला. मी म्हणालो, डांबच नको, जमिनीखालून केबल नेऊ. आई म्हणाली, “आणि मी अळूसाठी कुदळ मारली की?” केबलवर वाळू आणि विटांचा थर घालतात, हे मी सांगितलं, पण आईचा कुदळीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. सिमेंटचा डांब टिकाऊ, पण तो आणणारी क्रेन आमच्या बोळात वळत नाही. शेवटी जस्ताचा मुलामा दिलेला नळीचा डांब ठरला आणि परवाना असलेल्या ठेकेदाराला काम दिलं.

आण्णांनी मात्र एक गोष्ट स्वतःकडे घेतली. टोपी. पत्र्याची चालली असती. पण त्यांनी पुठ्ठ्यावर माप काढलं आणि शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या फाउंड्रीत जाऊन बिडाची टोपी ओतून आणली. कोल्हापुरात नमुना दाखवला की बिडात काहीही ओतून मिळतं, हा इथल्या माणसाचा जन्मसिद्ध समज आहे. टोपी इतकी जड होती की ठेकेदाराचा माणूस ती तळव्यावर तोलत म्हणाला, “पैलवान हाय काय डांब?”

कामाच्या दिवशी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, वायर उतरवली. जुन्या डांबाला दोर लावून चौघांनी हिसका दिला, तर दुसऱ्या हिसक्याची वेळच आली नाही. कमरेत कर्रकन मोडून तो अळूत आडवा झाला. आतून गवत, काड्या, चॉकलेटची चांदी आणि गंजाचा ढलपा-ढलपा बाहेर पडला.

खड्ड्याचं माप त्यांचं ठरलेलं. लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत. 24 फुटांना 4 फूट, आणि काळी माती म्हणून अर्धा फूट वर. खड्डा घेताना बाजूनं जुन्या डांबाचा गाडलेला भाग उघडा पडला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. वरचा डांब कुजून गेला होता आणि खालचा शाबूत. त्याच्यावर डांबर होतं, जाड, काळं, हात लावला तर अजून गुळगुळीत. आजोबांनी पुरण्याआधी दिलेलं. म्हणजे डांब कुणाचा, हे आजोबांना पक्कं माहीत होतं. सांगायचं राहून गेलं, किंवा सांगितलं असेल आणि ऐकायचं राहून गेलं.

तो तुकडा काही निघेना. पहारी लावून दोघं दमले. शेवटी ठेकेदार म्हणाला, राहू दे, आणि नवा दोन हात बाजूला घेतला. डांबाला डांबर आण्णांनी स्वतः लावलं, अंगावरच्या बंडीसकट. डांब उभा राहिल्यावर बुडाशी जमिनीच्या वर दीड फुटापर्यंत काँक्रीटची कॉलर केली, आणि पाणी थांबू नये म्हणून तिचा माथा उतरता ठेवला. आईनं संध्याकाळी दोरीसाठी दोन लाकडी बल्ल्या वेगळ्या रोवून घेतल्या, कुणी काही बोलायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्यांची जोडी आली. बिडाच्या टोपीवर बसून दोघींनी सगळीकडून चोच मारून पाहिली. मग एक उडाली ती थेट कुंपणभिंतीतल्या मीटरच्या पेटीवर, जिचं दार वायरमन गेल्यापासून नीट लागत नाही. तिनं फटीत डोकं घातलं. आण्णा चहाचा कप ठेवून उठले, दोन पावलं गेले आणि थांबले.

“मीटर त्यांचं,” ते म्हणाले. “पण पेटी कुणाची रे?”