पुणे–पणजी: शर्यतीची सायकल खोक्यात भरून नेताना

बसच्या बुकिंगला "सायकल चालेल ना?" विचारलं की "चालेल हो, आणा" एवढंच उत्तर मिळतं. रात्री गाडी लागली की क्लीनर खोका न्याहाळतो आणि तिकिटाच्या निम्म्याएवढा आकडा सांगतो. पावती नाही, आणि मागची गाडी फुल. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या आयर्नमॅन 70.3 (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) साठी बसने जाणाऱ्यांनी खोक्याचं माप (साधारण 140 × 80 × 25 सेंमी) आणि ठरलेले पैसे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावेत. लिहून देत नसतील तर दुसरी गाडी बघा.

पैशांपेक्षा वाईट म्हणजे डिकी. खोका आडवा टाकला की वाटेत त्यावर पार्सलची पोती चढतात आणि घाटाच्या वळणांत सगळं सरकत राहतं. खोका उभाच ठेवून घ्या, डिकी बंद होईपर्यंत तिथून हलू नका. आडवा टाकण्यावाचून इलाज नसेल तर चेनची बाजू वर.

सगळ्यात आधी वाकतो तो डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) फ्रेमला अडकवणारा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून. डिरेलर जागेवर ठेवून सायकल भरणं हा शुद्ध वेडेपणा. चेन सर्वांत लहान कॉगवर (मागच्या दातेरी चकतीवर) घ्या म्हणजे केबल सैल पडते. मग 5 मिमी ॲलन कीने डिरेलर सोडवा, केबल आणि चेन तशीच ठेवून बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधा. जादा हँगर सोबत हवाच. यूडीएच (अनेक फ्रेमना चालणारा प्रमाणित हँगर) नसेल तर तो त्या फ्रेमपुरताच असतो, गोव्यात आयत्या वेळी शोधत बसू नका.

पेडल 8 मिमी कीने किंवा 15 च्या पान्याने निघतात. डाव्याचे आटे उलटे. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढण्याआधी उंचीवर चिकटपट्टी लावा. हँडलबार स्टेमपासून (हँडल धरून ठेवणाऱ्या आखूड तुकड्यापासून) सोडवा, स्टेम फोर्कवरच (पुढच्या चाकाच्या चिमट्यावरच) राहू द्या, नाहीतर हेडसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) पुन्हा बसवत बसाल. चाकं काढली की फोर्कच्या टोकांत प्लास्टिकचा स्पेसर घाला. नव्या सायकलींबरोबर येतो, दुकानदार फुकट देतात. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्येही स्पेसर हवा. रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) मध्ये नसताना लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक आत जात नाही. रोटर शक्यतो काढूनच न्या, सेंटरलॉकचा (रोटर चाकाला बसवण्याची एक पद्धत) असेल तर त्याचा टूल विसरू नका.

विमानाने जाणाऱ्यांचा ताप वेगळा. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो सामान. हार्ड केस एकटीच त्यातला मोठा वाटा खाते, त्यामुळे पुठ्ठ्याचा खोका बरा. एएक्सएसच्या (वायरलेस गिअरच्या) बॅटऱ्या काढून केबिन बॅगेत. टायर फुगवायची सीओ टू काडतुसं नेऊ नका, तिथे पोचून घ्या. टायरची हवा कमी करा; ट्यूबलेसची पूर्ण सोडली तर टायर रिमवरून सुटतो आणि सीलंट (आतलं भोकं बुजवणारं द्रव) सांडतं. गोव्यात विमानतळ दोन; तिकीट काढताना मोपा की दाबोळी ते नीट बघा. मोपाहून पणजी लांब, शिवाय एवढा खोका साध्या टॅक्सीत मावत नाही. मोठी गाडी आधीच भाडं ठरवून बोलवा.

जुळवणी शर्यतीच्या चेक-इनच्या (सायकल जमा करण्याच्या) आदल्या दिवशीच उरका. स्टेमचे चारही बोल्ट तिरके-तिरके आणि टॉर्क रेंचने, स्टेमवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच (बहुतेक 5 एनएम, म्हणजे न्यूटन मीटर). मग चाक हातात धरून मागून बघा: सर्वांत मोठ्या कॉगवर डिरेलरचा पिंजरा (चेन धरणारा खालचा भाग) स्पोकला लागतोय का? लागत असेल तर हँगर बहुधा वाकलाय. तसंच चालवलं तर चढावर डिरेलर चाकात जाऊन शर्यत तिथेच संपते. हँडलबारच्या टोकांना प्लग हवेत, नाहीतर तपासणीत अडवतात. ट्रान्झिशनमध्ये (पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी) सायकल उन्हात उभी राहते, म्हणून चेक-इनला टायरची हवा कमी ठेवा, पहाटे भरा.

खोक्यावर "परतीसाठी" लिहून हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगून ठेवा; खोली साफ करणारे बिनदिक्कत भंगारात देतात.