लिंक पाठवा ना, काका

"काका, सोलारच्या बॅटरीचे सेल ऑनलाइन कुठून मागवलेत? लिंक पाठवा ना." कोपरखैरणेतल्या आमच्या गल्लीत वीज गेली आणि आमच्याच रो-हाऊसमधला पंखा फिरताना दिसला, की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न येणारच. मी लिंक पाठवत नाही. मग लोकांना वाटतं, हा माणूस आतल्या गाठीचा आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

सुरुवात १२ ऑक्टोबर २०२० ला झाली. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुलीची ऑनलाइन शाळा चालू होती. आमच्या इन्व्हर्टरच्या जुन्या ट्यूब्युलर बॅटरीने चाळीस मिनिटांत मान टाकली. शेजारच्या गल्लीतल्या एकाच्या गच्चीवर चकचकीत सोलार, ऊन लख्ख, आणि घरात अंधार. तेव्हा कळलं, की महावितरणच्या लाइनला जोडलेला साधा सोलार इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे वीज गेल्यावरही घर चालवायचं, तर बॅटरी हवीच.

मी महापेला इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. दिवसभर लोकांची मीटरं तपासतो, आणि स्वतःसाठी पहिली खरेदी केली ती डोळे झाकून. १८६५० जातीचे गोल सेल, अंगावर क्षमता छापलेली '९९०० एमएएच' (मिलिअँपिअर-तास), भाव बघून हसू यावं इतका कमी. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्याशा डबीत चांगल्यात चांगला कारखाना साडेतीन हजार एमएएचच्या आसपास भरू शकतो. ९९०० हा आकडा रसायनशास्त्राने दिलेला नव्हता, छापखान्याने दिलेला होता. हिचा केकचा वजनकाटा आणून एक सेल ठेवला. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, हा एकतीस. क्षमता मोजणाऱ्या टेस्टरवर लावला तर हजार एमएएचही नीट निघेनात.

मग एलएफपीकडे वळलो. लिथियम आयर्न फॉस्फेट. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून हे रसायन १९९७ मध्ये जगासमोर आलं. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा जड, पण उष्णतेत बरंच शांत, आणि घराच्या बॅटरीला जडपणाचं काय देणंघेणं! एक सेल ३.२ व्होल्टचा. चार ओळीने जोडले की बारा व्होल्टची बॅटरी, आठ जोडले की चोवीसची. मी १०० एएचचे (अँपिअर-तासांचे) चार चौकोनी सेल मागवले. प्रत्येकी दोन किलोच्या आसपास. तपासले तर चारही १०२-१०३ एएच. खूश! दोन महिन्यांनी बारावरून चोवीस व्होल्टवर जायचं ठरवलं आणि आणखी चार मागवले.

त्याच लिंकवरून, त्याच विक्रेत्याकडून, त्याच फोटोवर बोट ठेवून.

खोक्यातून निघालेल्या चारपैकी दोन ठीक होते. एकाचं पोट फुगलेलं, टेबलावर ठेवला तर डुगडुगत होता. चौथा दिसायला छान, वजनही बरोबर. पण त्याचा क्यूआर कोड खरवडून वर नवा चिकटवलेला, आणि टर्मिनलवर बोट फिरवलं तर जुन्या वेल्डिंगच्या खुणा घासून गुळगुळीत केलेल्या. कुठल्यातरी गाडीच्या पॅकमधून सोडवून आणलेला असणार. वजनकाट्याने इथे हात टेकले. म्हातारा झालेला सेल वजनाने कमी होत नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, "व्होल्टेजचा फोटो पाठवा." पाठवला. ३.२९. "मग सेल एकदम बढिया आहे सर."

ही पळवाट नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच सांगतील. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. सेल चाळीस टक्के भरलेला असो की साठ, मीटरवर फरक दिसतो तो काही शतांश व्होल्टचा. आणि विमानाने नेताना सुटे लिथियम सेल तीस टक्क्यांहून जास्त भरलेले ठेवता येत नाहीत, त्यामुळे नवा सेलही अर्धवट भरलेलाच हातात पडू शकतो. नव्याचं ३.२९ आणि थकलेल्याचं ३.२९ यांत मीटरला काही फरक कळत नाही. नाडी लागते म्हणून माणूस डोंगर चढेलच असं थोडंच आहे!

चढवूनच बघावं लागतं. सेल ३.६५ व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचा, मग ठरावीक लोड लावून २.५ पर्यंत उतरवायचा आणि वाटेत किती एएच निघाले ते मोजायचे. २० अँपिअरने उतरवला तर १०० एएचच्या एका सेलला पाच तास. फुगलेल्याला मी हातच लावला नाही, बाकीच्या तिघांना तीन संध्याकाळी. टेस्टरचा पंखा घरघरत होता आणि ही विचारत होती, अजून किती दिवस हे यंत्र डायनिंग टेबलावर? तिसऱ्या संध्याकाळी चौथ्या सेलने ८१ वर जीव सोडला. ओळीत जोडल्यावर आठही सेलमधून एकच करंट जातो, त्यामुळे हा एक रिकामा झाला की बीएमएस (सेलची राखण करणारा सर्किट बोर्ड) सगळी बॅटरी तोडतो. सात सेल १०२ चे असले तरी घराला मिळणार ८१.

खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ होता म्हणून फुगलेला सेल बदलून मिळाला. ८१ वाल्याचे निम्मे पैसे परत आले, तेही तीन आठवडे रोज मेसेज टाकल्यावर. त्याच्या जागी नवा सेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणला. दुकानात सहा सेल बाजूला काढायला लावले आणि सातवा घेतला. दुकानदार वैतागला, पण चहा पाजला.

आता कळलं ना, लिंक का देत नाही? पहिल्या चार सेलनंतर दिली असती तर गल्लीतल्या दहा जणांनी माझ्या नावाने खडे फोडले असते.

खरं सांगू का, विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी सुटे सेल घेऊच नका म्हणतो. वॉरंटीवाला तयार पॅक घ्या, महाग पडला तरी. ज्याला तीन संध्याकाळी एकेका सेलसमोर बसायला आवडतं, त्यानेच या भानगडीत पडावं. आणि पडणारच असाल तर पाना इन्सुलेशन टेपने गुंडाळा, बोटातली अंगठी काढून ठेवा. एलएफपी शांत खरा, पण दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो त्याला लाल करून सोडतो. फ्यूज डीसीचाच लावा, घरातला एसीचा एमसीबी तिथे चालत नाही. बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे तुम्हीही पाच मिनिटं उभे राहणार नाही. आमची जिन्याखाली आहे, चपलांच्या रॅकशेजारी.

तो ८१ चा सेल अजून घरातच आहे. एका छोट्या फ्यूजमधून देवघरातल्या एलईडी समईला जोडून दिलाय. गणपतीत पेटवली ती शिमग्यालाही जळत होती, आणि सेल अजून एकदाही चार्जिंगला लावलेला नाही.