पाटीवरचं शेवटचं अक्षर

ते गृहस्थ पाटी डोळ्यांनी वाचत नव्हते, बोटाने वाचत होते. तर्जनी पहिल्या अक्षरावरून हळूहळू उजवीकडे सरकत गेली, नाव संपलं तिथे थबकली, मागे आली आणि पुन्हा तिथेच थांबली. मी दोन पावलांवर उभा होतो.

“इथे अजून एक ई हवा होता,” ते म्हणाले.

आयोवा राज्यातल्या एम्स गावचं जॅक ट्राइस स्टेडियम. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा सायक्लोन्स संघ इथे अमेरिकन फुटबॉल खेळतो. साठ हजारांवर माणसं बसतात आणि सामन्याच्या दिवशी एम्समध्ये दुसरं काही घडत नाही. मी पाट्या करणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. स्टेडियमच्या आतल्या पाट्यांचं थोडं काम आमच्याकडे येतं. त्या शुक्रवारी मी एका कॉरिडॉरमध्ये देणगीदारांच्या काशाच्या पाट्या बसवत होतो. सामना दुसऱ्या दिवशी होता.

त्या पाटीवर त्यांचं आणि त्यांच्या पत्नीचं नाव होतं. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक ई असतो, जो उच्चारात येत नाही. तो लिहिला काय, न लिहिला काय, हाक तीच. पण त्या बाई आयुष्यभर तो लिहीत आल्या होत्या आणि मी तो गाळला होता.

चूक कशी झाली हे मला तिथल्या तिथे कळलं. अशा नावांचा प्रवास मोठा असतो. देणगीचा करार होतो, पैसे बहुधा काही वर्षांच्या हप्त्यांनी येतात, नाव देणगी विभागाच्या यादीत चढतं, तिथून आराखडा करणाऱ्यांच्या तक्त्यात जातं आणि मग आमच्याकडे येतं. मला सुधारित तक्ता आला होता. मी जुन्यावरून साचा करायला पाठवला. दोष माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

माझे वडील कऱ्हाडला पेंटर होते. दुकानांचे बोर्ड, विकास सोसायटीच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि देवळांतले देणगीदारांचे फलक. नाव लिहायच्या आधी ते माणसाकडून कागदावर लिहून घ्यायचे. सही येत नसेल तर त्याच्या पोराकडून. “ज्याचं नाव त्याच्या घरचा कागद पाहिजे,” हे त्यांचं वाक्य. देवळाच्या फलकावर पन्नास रुपये दिलेल्या माणसाचं आडनाव चुकलं, तर तो पुढची तीस वर्षं दर एकादशीला ते चुकलेलं वाचणार, हे त्यांना ठाऊक होतं. मी हे बघत वाढलो आणि तरी एक्सेलच्या रकान्यावर विसंबलो.

मी माफी मागितली. पाटी ओतीव काशाची, अक्षरं उठावाची, नवी ओतून यायला पाच आठवडे तरी लागणार होते. तोवर दुसऱ्या दिवशीपुरती प्लास्टिकची पाटी करून वर लावतो, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. “प्लास्टिकवर ती नको. तोवर भिंत मोकळी राहू दे.” मी स्क्रू काढले, पाटी फडक्यात गुंडाळली. मग त्यांनी विचारलं, जरा खाली येतोस का माझ्याबरोबर? त्यांची मधली दृष्टी गेली होती, कडेचं तेवढं दिसायचं. माझ्या कोपराला धरून ते चालू लागले.

उत्तर आयोवात त्यांची सोयाबीन-मक्याची शेती होती आणि बियाण्यांचं दुकान. आम्ही दक्षिण बाजूच्या सूकप एंड झोन क्लब या प्रेक्षकांच्या दालनापाशी आलो, तेव्हा ते थांबले. मी त्या नावाखालून शेकडो वेळा गेलो होतो. दारावरचं एक मोठं नाव, एवढंच माझ्या लेखी. त्यांनी सांगितलं ते असं. मका ओला काढला की पत्र्याच्या गोल कोठारात भरून खालून गरम हवा सोडतात. तळचा दाणा करपल्यासारखा सुकतो, वरचा ओलाच राहतो आणि मध्येच कुठेतरी ढीग आतून तापायला लागतो. तापला की बुरशी. मग फावडं घेऊन आत उतरायचं आणि धान्य उपसायचं. धान्यात रुतून माणसं गुदमरून मरतात, त्यामुळे घरचे दाराशी जीव मुठीत धरून उभे. शेफिल्ड गावचे शेतकरी यूजीन सूकप यांनी कोठारात उभा फिरणारा स्क्रू सोडून धान्य ढवळायची युक्ती काढली. 1963 साली त्यावर कंपनी निघाली. पुढे ती कोठारंही करू लागली. 2010 च्या भूकंपानंतर त्याच कोठारांच्या रचनेवरून हैतीत राहायला पत्र्याची गोल घरं केली, आणि 2016 च्या मॅथ्यू चक्रीवादळात ती टिकली. “माझा बाप फावडं घेऊन उतरायचा,” ते म्हणाले. “मी उतरलो नाही. म्हणून मला हे नाव ठीक वाटतं.”

त्या चालण्यात एकेक नाव उलगडत गेलं. उत्तरेकडची जेकबसन इमारत डे मॉइनमध्ये गोदामांचा धंदा उभारणाऱ्या रिचर्ड जेकबसन यांच्या नावाची. पलीकडची रायमन गार्डन्स रॉय रायमन यांच्या नावाची. रायमन आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव, याच विद्यापीठात शिकले, आणि जाहिरातींशिवाय, नुसत्या वर्गणीवर चालणारी मासिकं काढून मोठे झाले. वाचकांनीच पाठवलेल्या पाककृती छापणारं ‘टेस्ट ऑफ होम’ त्यांचंच. “माझी बायको त्याची वर्गणीदार होती,” ते म्हणाले आणि थोडा वेळ गप्प राहिले. मैदानाला मिडअमेरिकन एनर्जी या वीजकंपनीचं नाव आहे, ते मात्र कराराचं.

कंपन्यांच्या नावांचे नियम मला पाठ आहेत, कारण मजकूर आमच्या हातून जातो. प्रायोजकाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता चालतो. ‘सर्वोत्तम’ असं विशेषण, भाव किंवा ‘आजच घ्या’ आलं की कर खात्याच्या दृष्टीने ती जाहिरात होते आणि विद्यापीठाच्या त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. एका विशेषणासाठी मी अख्खी पाटी परत पाठवलेली आहे. एवढं डोळ्यांत तेल घालून मजकूर तपासणाऱ्या माझ्या हातून एक ई सुटला, हे मला त्या चालण्यात राहून राहून टोचत होतं.

मग आम्ही पुतळ्यापाशी आलो. जॅक ट्राइस. अंगावर खेळाचा पोशाख नाही, हातात पत्र आणि पायाशी पुस्तकं. या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. जन्म ओहायोतला, शिक्षण पशुसंवर्धनाचं. 6 ऑक्टोबर 1923 ला मिनेसोटाविरुद्ध खेळताना सुरुवातीलाच त्यांचं गळ्याचं हाड मोडलं, तरी ते खेळत राहिले. तिसऱ्या सत्रात ते पाठीवर पडले आणि अंगावरून खेळाडू तुडवत गेले. 8 ऑक्टोबरला ते गेले. वय 21. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्यांनी स्वतःसाठी काही ओळी लिहिल्या होत्या, त्या कोटाच्या खिशात सापडल्या. माझ्या वंशाची, कुटुंबाची आणि माझी स्वतःची अब्रू पणाला लागली आहे, असं त्यात आहे. सगळ्यांना माझ्याकडून मोठ्या कामगिरीची अपेक्षा आहे, आणि ती मी करीन.

ते पत्र काशाच्या पाटीवर कोरून जुन्या व्यायामशाळेत लावलं होतं. मग लोक विसरले. पाटी होती तिथेच होती, घाणीने झाकलेली. 1957 साली टॉम एमरसन नावाच्या विद्यार्थ्याने ती वाचली आणि तिच्यावर लिहिलं. 1973 मध्ये इंग्रजी शिकवणारे चार्ल्स सोन यांच्या वर्गातल्या मुलांनी विषय उचलला. नवं स्टेडियम बांधलं जात होतं आणि त्याला ट्राइस यांचं नाव द्या ही मागणी उभी राहिली. “मी त्या वर्गात नव्हतो,” ते म्हणाले, “पण सह्या गोळा करत फिरलो. ती पण फिरत होती. तिथेच भेट झाली आमची.”

1975 मध्ये स्टेडियम उघडलं ते सायक्लोन स्टेडियम या नावाने. 1984 मध्ये फक्त मैदानाला ट्राइस यांचं नाव मिळालं. मुलांनी पैसे उभे करून 1988 मध्ये हा पुतळा केला. आणि 1997 मध्ये अख्खं स्टेडियम जॅक ट्राइस यांच्या नावाचं झालं. सह्या गोळा करणारी पोरं तोवर चाळिशी-पंचेचाळिशीची झाली होती. दोघं तेव्हा उत्तरेहून गाडी काढून फक्त नाव बघायला आले होते.

मला पंढरपूर आठवलं. महाद्वारातली नामदेवांची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. आत जाऊ न दिलेल्या माणसाच्या नावाला हात लावून लोक आत जातात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चोखोबांचं नाव दोनदा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून पाहिलं आणि विचारलं, “स्पेलिंग काय?”

मी खिशातली वही काढली, पण आधी तीच त्यांच्यापुढे केली. तुमच्या हाताने पत्नीचं नाव लिहून द्या, म्हटलं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर वही टेकवून त्यांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने कागद पकडला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत नाव लिहिलं. शेवटचा ई कागदाच्या काठावर गेला. मग खाली मी चोखोबांचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि तेवढा तुकडा फाडून त्यांना दिला.

ओतशाळेला तक्ता पाठवला नाही. वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला आणि फोन करून एकेक अक्षर वाचून घेतलं. साडेपाच आठवड्यांनी पाटी आली. ते पुतणीबरोबर आले. बोट नावावरून गेलं, शेवटच्या अक्षरावर आलं, त्याच्या तिन्ही आडव्या रेघा त्यांनी वरपासून खालपर्यंत चाचपल्या.

“हं,” ते म्हणाले. मग पुतणीला म्हणाले, चल, कापणी अर्धी राहिलीय.