बॉम जेझूचा उघडा चिरा

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या तांबूस, उघड्या चिऱ्यांच्या भिंती छायाचित्रांतून इतक्या परिचित झाल्या आहेत, की त्या मूळच्याच तशा असाव्यात असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात या चर्चच्या भिंतींवर जवळजवळ साडेतीनशे वर्षे चुन्याचा पांढरा गिलावा होता.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने २४ नोव्हेंबर १५९४ रोजी या वास्तूची पायाभरणी केली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी तिचे पवित्रीकरण केले. भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. पण दर्शनी भागातील खांब, चौकटी आणि अगदी वर कोरलेली ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे यांसाठी काळा दगड मुद्दाम वसईहून आणला गेला. या निवडीमागची जाण मला फार मोलाची वाटते. वसईच्या कातळावर बारीक कोरीव काम टिकते आणि त्याला पावसाचे भय नसते. जांभा मात्र सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि झिजत जातो, म्हणून तो गिलाव्याने झाकायचा, हे कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या चर्चला तीर्थक्षेत्राचे रूप आले ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचे निधन झाले, मलाक्कामार्गे त्यांचा देह १५५४ मध्ये गोव्यात आला आणि संतपद जाहीर झाल्यानंतर, १६२४ मध्ये, तो बॉम जेझूत हलवण्यात आला. देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती १६३६–३७ मध्ये गोव्यातील सोनारांनी घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी भेट दिला. फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोज्जिनी यांनी घडवलेला हा चौथरा १६९८ मध्ये येथे उभारला गेला. गोव्याची चांदी आणि इटलीचा संगमरवर एकमेकांना न खटकता एकत्र नांदताना पाहण्यासाठी त्या अंधाऱ्या दालनासमोर पुरेसा वेळ थांबावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ‘गोंयचो सायब’ म्हणून संत झेवियर यांना साकडे घालणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात, आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताला कित्येक भाविक दूरवरून पायी येतात.

गिलावा १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, खरवडला गेला. तेव्हापासून गोव्याचा मुसळधार पाऊस थेट चिऱ्यांवर कोसळतो आहे आणि जागोजागी त्यांच्या कडा बोथट होऊन पृष्ठभाग खचला आहे. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील चर्च जागतिक वारसा यादीत आली, तेव्हा जगाने बॉम जेझूचे हेच उघडे रूप पाहिले होते. त्यामुळे पुन्हा गिलावा करण्याचा विषय निघाला की ओळखीचा चेहरा जाईल, अशी हरकत घेतली जाते. मला ती पटत नाही. बांधणाऱ्यांनी काळा दगड उघडा ठेवण्यासाठी आणि जांभा झाकण्यासाठी निवडला होता, आणि पांढऱ्या भिंतीवर वसईचे ते कोरीव काम आजच्यापेक्षा कितीतरी ठसठशीत दिसेल.