आमची वाटचाल: ३१ मार्च आणि १ एप्रिल

सांगलीत दोन खोल्यांच्या जागेत आम्ही दोघा मित्रांनी व्यवसाय सुरू केला, तेव्हा संकेतस्थळे तयार करून देण्यापलीकडे आमचा विचार गेला नव्हता. आज आमच्याकडे सात जण काम करतात आणि बरेचसे उत्पन्न एकाच प्रकारच्या कामातून येते: जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली प्रणाली दुसऱ्या संस्थेच्या वेब सर्व्हिसला (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणाऱ्या सेवेला) कॉल करते, तेव्हा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना बिघडणारा डेटा शोधणे आणि तो बिघाड मुळापासून दूर करणे. या कामाकडे आम्हाला वळवले ते एका पतसंस्थेच्या मुदत ठेवींनी.

त्या ठेवींची माहिती सोप (एक्सएमएल या खुणांच्या मजकुरात संदेश पाठवण्याची पद्धत) प्रकारच्या वेब सर्व्हिसमधून आमच्या अहवालात येत असे. १ एप्रिलला सुरू झालेल्या काही ठेवी अहवालात ३१ मार्चच्या दिसू लागल्या, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसल्या. व्यवस्थापकांचा फोन आला, "साहेब, फरक एकाच दिवसाचा आहे, पण वर्षअखेरची बेरीज जुळत नाही. लेखापरीक्षकांना काय सांगू?" चूक मोजक्याच ठेवींत असल्याने आम्ही चार दिवस आमचाच कोड उलटसुलट तपासत राहिलो. पाचव्या दिवशी जॅक्स-डब्ल्यूएस या वेब सर्व्हिससाठीच्या जावा साधनातील संदेशांचा डंप, म्हणजे ये-जा करणारे संदेश जसेच्या तसे दाखवण्याची सोय, चालू केला आणि आलेला एक्सएमएल जसाच्या तसा कागदावर छापून घेतला.

तारखेच्या जागी ३१ मार्च, वेळ १८:३० आणि शेवटी झेड हे अक्षर होते. झेड म्हणजे यूटीसी, ही जागतिक प्रमाणवेळ. त्या वेळेत साडेपाच तास मिळवले की भारतात १ एप्रिलची मध्यरात्र होते. पाठवणाऱ्या सर्व्हरने वेळ यूटीसीत बदलली होती आणि ते नियमाला धरूनच होते. आम्ही मात्र त्या मजकुराची पहिली दहा अक्षरे तारीख म्हणून उचलत होतो. काउंटरवर दिवसा उघडलेल्या ठेवींना खरी वेळ असल्याने त्या जागच्या जागी राहिल्या, आणि रात्री आपोआप नूतनीकरण झालेल्या, ००:०० वेळेच्या ठेवी तेवढ्या एक दिवस मागे सरकल्या. आधी वेळ भारतीय करायची आणि मगच तारीख काढायची, एवढीच दुरुस्ती होती. चूक आमची होती आणि ती आम्ही व्यवस्थापकांना त्याच दिवशी सांगितली. पुढची दोन कामे त्यांच्याच ओळखीने मिळाली.

त्यांपैकी दुसऱ्या कामात कर्जाची थकबाकी काही खात्यांवर शून्य दिसे आणि लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) त्रुटीची एकही ओळ नसे. स्कीमात, म्हणजे संदेशाची रचना ठरवणाऱ्या नियमावलीत, रक्कम डेसिमल (दशांश संख्या) म्हणून घोषित केलेली होती, पण मोठी रक्कम पाठवताना समोरचा प्रोग्राम ती १,२५,०००.०० अशी स्वल्पविरामांसह लिहीत होता. जावातील बिगडेसिमल या दशांश संख्येच्या प्रकाराला स्वल्पविराम चालत नाही. मात्र जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएलचे जावातील डेटात रूपांतर करणारे साधन, मूळच्या मांडणीत अशी रूपांतराची त्रुटी निमूटपणे गिळते आणि ती जागा रिकामी सोडते. त्या रिकाम्या जागेचे पुढे पडद्यावर शून्य होत होते. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण थांबलेला प्रोग्राम लगेच लक्षात येतो, चुकीचे शून्य मात्र महिनोन्‌महिने खरे मानले जाते. तेव्हापासून प्रत्येक कामात आम्ही अनमार्शलरला (जॅक्सबीतील एक्सएमएल वाचणाऱ्या भागाला) स्कीमा आणि त्रुटी आली की काय करायचे ते ठरवणारा स्वतःचा इव्हेंट हँडलर जोडतो, म्हणजे न जुळणारी किंमत आली की काम तिथेच थांबते आणि कारण लॉगमध्ये लिहिले जाते.

खातेदारांची देवनागरी नावे प्रश्नचिन्हे होऊन येण्याच्या तक्रारी अनेक आल्या. बहुतेक ठिकाणी बाइट आणि मजकूर यांच्या रूपांतरात यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी पद्धत) स्पष्टपणे न सांगता सर्व्हरच्या ठरलेल्या कॅरेक्टर सेटवर, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीवर, भिस्त ठेवलेली आढळली. २०१८ मध्ये जावाच्या ११ व्या आवृत्तीतून जॅक्सबी आणि जॅक्स-डब्ल्यूएस वगळण्यात आले, म्हणजे ती वेगळी जोडावी लागू लागली, आणि ८ व्या आवृत्तीवरून पुढे जाणाऱ्या संस्थांकडून आमच्याकडे कामाचा ओघ सुरू झाला.

आता कोटेशन देण्यापूर्वी आम्ही समोरच्या सेवेकडून प्रत्यक्ष आलेले दहा संदेश मागतो, त्यांतली खातेदारांची नावे व क्रमांक झाकून. केवळ डब्ल्यूएसडीएल (सेवेचे कागदोपत्री वर्णन करणारी फाइल) पाठवून भाव विचारणाऱ्यांना आम्ही नम्रपणे थांबायला सांगतो. नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी ३१ मार्चचा तो छापील कागद देतो आणि ठेव कोणत्या दिवशी सुरू झाली, एवढेच विचारतो.